फाटकाच्या आत कायदा कसा पोहोचतो

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्याबरोबरच बोईसरलगतची तारापूर औद्योगिक वसाहतही या नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आली. रसायने, औषधांचा कच्चा माल, कापड-प्रक्रिया आणि पोलाद यांच्या या वसाहतीत स्थानिकांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून आलेले कामगार राबतात, आणि त्यांतील अनेकांची नेमणूक कारखान्याने थेट केलेली नसून ठेकेदारामार्फत झालेली असते. अशा ठिकाणी कामगार कायदे पाळले जातात की नाही हे पाहण्याचे काम एका खात्याचे नाही. यंत्रांची सुरक्षितता, कामगारांचे आरोग्य व कामाचे तास यांची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. किमान वेतन, ठेकेदारी आणि दुकाने हे विषय कामगार आयुक्तालयाकडे, म्हणजे तालुक्यांत फिरणाऱ्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे असतात. बाष्पकांसाठी, म्हणजे बॉयलरसाठी, वेगळे संचालनालय आहे. आणि भविष्य निर्वाह निधी केंद्राच्या यंत्रणेखाली येतो.

या व्यवस्थेची मुळे मुंबईच्या कापड गिरण्यांत आहेत. १८८१ साली भारतातला पहिला कारखाना कायदा झाला, तो १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरताच होता, आणि त्याची अंमलबजावणी कितपत होते हे पाहण्यासाठी ब्रिटनमधून मीड किंग नावाचा अनुभवी निरीक्षक मुंबईत आणला गेला. केवळ कायदा छापल्याने गिरणीतले मूल घरी जात नाही, त्यासाठी स्वतंत्र व जाणकार निरीक्षक लागतो, ही समज ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्यापासून रुजलेली होती. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली, हेही याच इतिहासाचे दुसरे अंग आहे. निरीक्षक आणि संघटना हे दोन्ही आधार असतील तेव्हाच कायदा कामगारापर्यंत पोहोचत आला आहे.

तारापूरचे कारखाने ज्या चौकटीत वाढले ती चौकट नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ या कायद्याची. निरीक्षकाला कारखान्यात प्रवेश करण्याचा, यंत्रे व इमारत तपासण्याचा, हजेरीपट व पगारपत्रक मागण्याचा आणि कामगारांचे जबाब घेण्याचा अधिकार त्याने दिला. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली या अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, आणि कामगारांच्या जिवाला गंभीर धोका आहे असे दिसल्यास तेथे काम करवून घेण्यास मनाई करण्याचा अधिकारही निरीक्षकाला मिळाला. उल्लंघनाला जबाबदार 'भोगवटादार' म्हणजे या कायद्याच्या भाषेत कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण आहे ती व्यक्ती. कंपनीच्या बाबतीत ती संचालकांपैकीच एक असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले, त्यामुळे एखाद्या सुपरवायझरला पुढे करून मालक सुटू शकत नाही.

अशी तपासणी रासायनिक कारखान्यात किती बारकाईने करावी लागते हे अधिनियमाच्या कलम ३६ वरून कळते. टाकी, खड्डा किंवा रिॲक्टर यांसारख्या बंदिस्त जागेत विषारी वायू असण्याची शक्यता असेल तर जाणकार व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनाचे साधन आणि बाहेरून धरलेला दोर जोडलेला पट्टा बांधल्याशिवाय, कोणालाही आत उतरवता येत नसे. असा दाखला फाइलमध्ये ठेवणे सोपे असते. तो खरोखर टाकीच्या तोंडाशी उभे राहून दिला गेला होता का, ठेकेदाराने कालच आणलेल्या मुलाला तो वाचता येतो का, हे तपासायला माणूसच जावा लागतो. तारापूर वसाहतीत मार्च २०१८ मध्ये एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात तीन जण दगावले, तर २१ ऑगस्ट २०२५ रोजी एका औषध कारखान्यातील वायुगळतीने चार कामगारांचा बळी घेतला, आणि या दोन तारखांच्या मधल्या वर्षांतही या वसाहतीतील स्फोट व आगी थांबल्या नव्हत्या. प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, पोलीस निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवतात, वारसांना भरपाई जाहीर होते. पण ही सारी हालचाल मृत्यूनंतरची असते, आणि तपासणीचे मोल मात्र त्याआधीच्या दिवसांत ठरते.

येथे १९४८ च्या अधिनियमातील एक तरतूद फारशी कोणाच्या लक्षात येत नसे, परंतु ती सर्वांत महत्त्वाची होती. कलम १०५ नुसार या अधिनियमाखालील गुन्ह्याची दखल न्यायालय केवळ निरीक्षकाच्या तक्रारीवरून किंवा त्याच्या लेखी पूर्वसंमतीने घेऊ शकत असे, आणि कलम १०६ नुसार गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून साधारणतः तीन महिन्यांच्या आत ही तक्रार दाखल व्हावी लागत असे. म्हणजे सुरक्षा-झडप नादुरुस्त आहे हे रोज पाहणारा कामगार या कायद्याखाली स्वतःहून फौजदारी न्यायालयात जाऊ शकत नव्हता. याच वसाहतीच्या सांडपाण्याने किनाऱ्यावरची मासेमारी उद्ध्वस्त होत असल्याची तक्रार घेऊन मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली थेट राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली आणि लवादाने त्या प्रकरणात कारखान्यांवर पर्यावरणीय भरपाई बसवली. खाडीतल्या माशांसाठी मच्छीमाराला जो दरवाजा उघडा होता, तो फाटकाच्या आतल्या कामगाराला स्वतःच्या जिवासाठी नव्हता. त्यामुळे निरीक्षकाच्या भेटी कमी करणे म्हणजे उद्योजकाचा कागदोपत्री त्रास वाचवणे एवढेच नसून कामगाराची न्यायालयाकडे जाणारी एकमेव वाट अरुंद करणे होते.

गेल्या दहा-बारा वर्षांतील बदल नेमके याच दिशेने झाले आहेत. निरीक्षक मनमानी करतो, पैसे मागतो, ही 'इन्स्पेक्टर राज'विषयीची तक्रार निराधार नव्हती, आणि तपासणीसाठी कारखाना संगणकाने निवडावा ही सुधारणा त्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र त्याबरोबर स्वयंप्रमाणन, म्हणजे आपण कायदा पाळतो असे मालकानेच लिहून द्यावे ही पद्धतही आली. आणि राज्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने कायदा लागू होण्यासाठी लागणारी कामगारांची किमान संख्या वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी १० वरून २० वर, तर वीज न वापरणाऱ्यासाठी २० वरून ४० वर नेली. संख्या मोजताना ठेकेदाराचे कामगारही धरावेत असे कायदा सांगतो, पण ज्यांची नावे हजेरीपटावरच नाहीत त्यांना मोजणार कोण, हा प्रश्न पुन्हा प्रत्यक्ष भेटीपाशीच येऊन थांबतो.

दुकानांची स्थिती याहून नाजूक आहे. १९४८ च्या जुन्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेत लहान दुकानेही होती. १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या राज्याच्या नव्या कायद्याने मात्र १० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना केवळ व्यवसायाची सूचना देण्याचे बंधन ठेवले आणि निरीक्षकाला 'सुविधाकार' केले, आणि २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० पर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला. पालघर किंवा बोईसरच्या बाजारपेठेतील कापडाच्या वा किराण्याच्या दुकानात सहसा दोन-चार नोकर असतात. त्यांच्या साप्ताहिक सुटीची आणि कामाच्या तासांची चौकशी करायला आता कोणी अधिकारी येण्याचे कारण उरत नाही, जरी किमान वेतनाचा त्यांचा हक्क संख्येवर अवलंबून नसला तरी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि निरीक्षक आता सर्वत्र 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' झाला आहे. वेतनसंहितेत त्याने खटल्यापूर्वी मालकाला चूक सुधारण्याची लेखी संधी द्यायची आहे. त्याच संहितेने वेतनाच्या बाबतीत कामगाराला आणि नोंदणीकृत संघटनेलाही न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो स्वागतार्ह आहे, पण तो वापरायला संघटना लागते. आताच्या पालघर जिल्ह्यात १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने वेठबिगारीत अडकलेल्या आदिवासींची सुटका घडवून आणली ती गावोगावची माणसे एकत्र येऊन तक्रार करू लागल्यामुळे. तारापूरच्या ठेकेदारी कामगारांत मात्र अशी संघटना बांधणे कठीण जाते, कारण असा कामगार सहा महिन्यांनी दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या ठेकेदाराकडे असतो, आणि तक्रारीसोबत जोडायला लागणारी पगाराची पावती बहुधा त्याला कधी मिळालेलीच नसते.