सवलतींचे भांडवल करणारे बेट

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या भवितव्याची खात्री फार थोड्यांना होती. पुढे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१च्या अहवालातच वाढत्या लोकसंख्येचा आणि एकट्या उसावर विसंबण्याचा धोका दाखवला होता. निर्यातीतला ९० टक्क्यांहून अधिक वाटा साखरेचा होता. १९६७च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्यविरोधी बाजूला पडली, आणि स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आले असताना राजधानी पोर्ट लुईत दंगली पेटल्या. आज सुमारे साडेबारा लाख वस्तीचा हा देश आफ्रिकेतल्या सुस्थितीतल्या देशांत मोडतो. याचे श्रेय सहसा समुद्रकिनारे आणि करसवलतींना दिले जाते. माझ्या मते खरे कारण आधीच्या राजकीय तडजोडीत आहे. मिळेल ते वाटून घ्यायची सवय या देशाने आधी लावून घेतली, म्हणून बाहेरच्या सवलती त्याला पचल्या.

ही तडजोड निवडणूक पद्धतीतच दिसते. मुख्य बेटावरील २० मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्ज बेटावरून दोन असे ६२ सदस्य निवडून येतात. एखाद्या समाजाला पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नाही, तर हरलेल्यांतल्या सर्वाधिक मतांच्या उमेदवारांना आठपर्यंत जागा दिल्या जातात. त्यासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उर्वरित असे चार गट मानले गेले. कोकणातून गिरमिटावर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशजही यातल्या हिंदू गटात धरले जातात. स्वातंत्र्याला विरोध करणारा पक्ष १९६९ मध्ये सत्तेत सामील झाला. फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या नाहीत, पण साखरेच्या निर्यातीवर कर लागला. वृद्धांचे निवृत्तिवेतन आधीपासून होतेच, १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झाले.

या पायावर सवलती आल्या. १९७५च्या करारानुसार युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर चढ्या, ठरलेल्या भावाने घेऊ लागला. तो पैसा १९७० मध्ये सुरू झालेल्या निर्यात प्रक्रिया क्षेत्रातील कापड गिरण्यांत आणि पुढे हॉटेलांत गेला. १९८०च्या दशकाअखेर बेकारी जवळजवळ संपली. भारताशी झालेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे वित्तसेवा उभ्या राहिल्या. २००५ मध्ये कापडाच्या जागतिक व्यापारातला कोटा संपला, २००९ मध्ये साखरेचा करार संपला, २०१७ पासून भारताशी झालेल्या करारातली समभागांवरील करसवलतही आटली. तरी एक आधार सुटेपर्यंत दुसरा हाताशी आलेला होता.

हे केवळ नशीब होते, असा आक्षेप येईल. पण साखर कराराचा लाभ फिजी, गयाना आणि जमैका यांनाही झाला, आणि त्यांची वाटचाल वेगळी ठरली. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. करसवलतीची किंमत भारताच्या तिजोरीने मोजली, आणि २०२० मध्ये आर्थिक गैरव्यवहारांवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने मॉरिशसला करड्या यादीत टाकले. यातून इतकेच सिद्ध होते की त्यातली एक सवलत फार काळ टिकण्यासारखी नव्हती. वाटपाची व्यवस्था त्यामुळे खोटी ठरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. जी व्यवस्था सर्वांना सामावून घेते, तीच लोकांना त्यांच्या गटातही डांबते. उमेदवाराने अर्जावर आपला समाज लिहिला नाही तर अर्ज बाद होई. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये यावर बोट ठेवले, आणि समाजांचे प्रमाण आजही १९७२च्या जनगणनेवरून ठरते. २०२५च्या अर्थसंकल्पाने निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ करायचे ठरवले, म्हणजे त्या तडजोडीची दुसरी बाजूही आता आकसते आहे. बाहेरून नव्या मोठ्या सवलती मिळण्याची चिन्हे नाहीत. अशा वेळी मॉरिशसने समाजनिहाय मोजणी सोडून नागरिक म्हणून वाटप करायला शिकले पाहिजे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी त्याने याहून अवघड तडजोड केली होती, म्हणून ही त्याच्या आवाक्यातली आहे.