तोंडावरचा हात खाली घ्या

आम्ही चौथीत होतो. वस्तीतल्या हापशावर पाणी भरताना दांडा हातातून निसटला आणि थेट तोंडावर बसला. वरचा पुढचा दात अर्धा तुटला. आईने हळद दाबली. जाणत्यांनी समजूत घातली, "लेकराचा दात आहे, पुन्हा येईल." तो आला नाही, येणारच नव्हता. वरचे पुढचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षीच येतात. एवढी साधी गोष्ट वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हती.

पुढे तो दात काळा पडत गेला. शाळेत नाव पडले, 'तुटक्या'. जयंतीच्या भाषणात आम्ही तोंडावर हात धरून बोलायचो. पाठांतर पक्के असायचे, पण शब्द हाताच्या आडच राहायचे. नोकरीच्या मुलाखतीतही हात आपोआप वर गेला.

तिसाव्या वर्षी एका शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तिथे एक्स-रे काढल्यावर कळले की, माराने दाताच्या आतली नस मेली होती, म्हणून तो काळवंडला. दुखत नव्हता म्हणून आम्ही तो बरा समजत होतो! डॉक्टरांनी रूट कॅनॉल करून वर कॅप बसवली. चार-पाच खेपा झाल्या. वीस वर्षांची लाज तेवढ्यात संपली. आधी कुणी सांगितले असते तर?

म्हणून आज आम्ही आईबापांना आणि शिक्षकांना सांगतो. दाताचा तुकडा सापडला तर दुधात किंवा पाण्यात ओला ठेवून सोबत न्या. पुष्कळदा तोच चिकटवता येतो. नाहीतर दाताच्या रंगाचे कंपोझिट भरून दात पूर्ववत करतात. कायमचा दात मुळासकट निघाला तर पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर क्षणभर दुधाने किंवा पाण्याने विसळा, जागच्या जागी बसवा आणि लेकराला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर दात वाटीभर दुधात ठेवून तडक दवाखाना गाठा. पहिला अर्धा-एक तास मोलाचा असतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नका. आतल्या कायमच्या दाताला इजा होते.

ज्यांचा दात लहानपणीच गेला, त्यांनीही हाय खाऊ नये. मोठेपणी कॅप, ब्रिज किंवा इम्प्लांट करता येते. इम्प्लांटसाठी जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते, तोवर तात्पुरता दात लावता येतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथवर जाण्याचा संकोच सोडा.

येत्या जयंतीला एखादे लेकरू तोंडावर हात धरून भाषण करताना दिसले, तर "मोठ्याने बोल" म्हणून दटावू नका. खाली उतरल्यावर त्याला जवळ घ्या, दात पाहा आणि दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन निघा.