कमानीच्या पोटातलं काँक्रीट

संपादकांना चिनाब पुलाच्या उंचीवर लेख हवा होता. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंची, कमानीचा गाळा ४६७ मीटर, उद्घाटन ६ जून २०२५ ला. हे सगळं छापून झालंय. बेलापूरच्या कोकण रेल्वे महामंडळाने जम्मू-काश्मीरमध्ये उभारून घेतलेल्या या पुलाची माहिती चाळताना माझं लक्ष अडकलं ते कमानीच्या पोटात.

कमानीच्या मुख्य दांड्या म्हणजे पोलादी पेट्या. एप्रिल २०२१ मध्ये दोन्ही काठांवरून पुढे सरकलेली कमान मधोमध जुळली आणि पेट्यांत काँक्रीट भरण्याचं काम उरलं. आराखड्यात ताशी २६६ किलोमीटरचा वारा धरलेला; त्यापुढे कमान जड आणि ताठ राहावी म्हणून हा भरणा.

युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवरच्या १८७९ च्या रेल्वे पुलाच्या लोखंडी नळ्यांत काँक्रीट भरलं होतं, ते आतून गंज लागू नये म्हणून. ताकदीचा हिशेब नंतर लागला. तैपेई १०१ चे आठ महास्तंभ ६२ व्या मजल्यापर्यंत असेच भरीव आहेत.

हिशेब असा. नुसत्या पोलादी नळीवर भार वाढला की तिचा पत्रा दुमडतो. नुसतं काँक्रीट आडवं फुगून उभं तडकतं. एकत्र आले की काँक्रीट पत्र्याला आत दुमडू देत नाही आणि पत्रा काँक्रीटला फुटू देत नाही. धान्याची रास पसरते, पण तेच धान्य गच्च भरलेलं पोतं उभं राहतं. गोल नळीत तर जोडीची ताकद दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त भरते. शिवाय असा खांब एकदम कोसळत नाही, हळूहळू वाकतो. भूकंपात हे मोलाचं. सेंट्रिंगही लागत नाही, नळी हाच साचा.

गंमत म्हणजे सुरुवातीला ही जोडी एकमेकांना धरतच नाही. दाबाखाली पोलाद काँक्रीटपेक्षा आडवं जास्त फुगतं, म्हणून भार कमी असताना दोघं आपापलं ओझं वाहतात. काँक्रीटमध्ये बारीक तडे जाऊन ते फुगायला लागलं की मगच नळीला रेटतं आणि नळी त्याला आवळते. गोल नळी चहूबाजूंनी सारखी आवळते. चौकोनी पेटीत मात्र कोपरे धरून ठेवतात आणि बाजू मधोमध ढिल्या पडतात.

अडचणी याच जवळिकीत आहेत. काँक्रीट सुकताना आकसतं आणि पत्र्यापासून केसाएवढी फट सुटू शकते. साध्या खांबाचं सेंट्रिंग काढलं की आतली पोकळी डोळ्यांना दिसते. इथे साचा कधी उघडतच नाही. मग हातोडीने ठोकत जायचं, पोकळ वाजतं का ते ऐकायचं, शंका आली तर ध्वनिलहरींनी तपासायचं. चीनमध्ये ग्वांगशीतल्या पिंगनान इथे ५७५ मीटर गाळ्याच्या कमानीसाठी नळ्यांतली हवा ओढून घेत, किंचित प्रसरण पावणारं काँक्रीट पंपाने चढवलं, ते याच धास्तीने. आगीची भीती वेगळी. बाहेरचं पोलाद आधी मऊ पडतं, आतल्या ओलाव्याची वाफ होते. तिला वाट म्हणून नळीला भोकं ठेवावी लागतात, नाहीतर नळी फुटू शकते. शिवाय तुळईचा भार पत्र्यावरच थांबला तर आतल्या काँक्रीटचा उपयोग अर्धाच. तो आत पोचवणारे जोड नीट जमले पाहिजेत.

पद्धत उत्तम आहे, पण ती भरणाऱ्याच्या सचोटीवर उभी आहे. चिनाब पुलाचं आयुष्य १२० वर्षं धरलंय. अशा प्रत्येक बांधकामात भरण्याच्या तपासणीच्या नोंदीही बांधकामाच्या आयुष्याइतक्याच जपल्या पाहिजेत आणि मागेल त्याला दाखवल्या पाहिजेत.