अर्जाला जोखमीचे गुण
नेदरलँड्समध्ये मुलं पाळणाघरात ठेवणाऱ्या नोकरदार आईबापांना सरकार खर्चाचा मोठा वाटा अनुदान म्हणून देतं. त्यात लबाडी कोण करतंय हे हेरायला कर खात्याने २०१३ पासून एक संगणकप्रणाली वापरली. प्रत्येक अर्जाला ती जोखमीचे गुण देई. गुण चढले की अर्ज तपासनिसाच्या टेबलावर. ते का चढले, हे मात्र त्यालाही कळत नसे. अर्जदार डच नागरिक नसणं हीसुद्धा जोखीमच धरलेली!

पुढचा निर्दयपणा माणसांचा. एखादी सही राहिली, तरी अख्ख्या वर्षाचं अनुदान परत मागितलं गेलं, तेही हजारो युरोंत. कुटुंबं कर्जात बुडाली, घरं गेली, संसार मोडले. या प्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

फसवणूक शोधणाऱ्या ‘सिरी’ या दुसऱ्या सरकारी प्रणालीला हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्येच चाप लावला होता. तिचं कामकाज पुरेसं पारदर्शक नाही आणि खासगी आयुष्याच्या हक्कावर गदा येते, हे कारण. पाळणाघराच्या प्रकरणातल्या कुटुंबांना किमान ३० हजार युरोंची भरपाई जाहीर झाली. तिचं वाटप पुढे वर्षानुवर्षं रेंगाळलं.