दोन मिनिटांतला पोटॅशियमचा आकडा
इमर्जन्सीत खाटेशेजारच्या यंत्रावर रक्तातले पोटॅशियम दोन-तीन मिनिटांत कळते. प्रयोगशाळेला तासभरही लागतो. साधारण ३.५ ते ५ ठीक. पण रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढतो. प्रयोगशाळेत पेशी वेगळ्या केल्यावर वरचा द्रव लालसर दिसतो, चूक पकडता येते. खाटेशेजारच्या बहुतेक यंत्रांना ती दिसत नाही. म्हणून डॉक्टर ईसीजी काढतात, पुन्हा रक्त मागतात. कंटाळून घरी निघू नका. आकडा खरा असेल तर हृदय थांबू शकते. मूत्रपिंडाचा आजार, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांबद्दल आधीच सांगा. आणि पथ्याचे म्हणून भरभरून घेतलेल्या कमी सोडियमच्या मिठाबद्दलही. त्यात बहुधा पोटॅशियमच असते!