छावणीतला प्रूस्त : युझेफ चापस्की

युझेफ चापस्की (1896–1993) हे पोलिश सैन्यातले अधिकारी, चित्रकार आणि लेखक. सप्टेंबर 1939 मध्ये ते सोव्हिएत सैन्याच्या हाती सापडले आणि स्तारोबेल्स्कच्या छावणीत गेले. तिथल्या सुमारे 3,800 कैद्यांपैकी बहुतेकांना 1940 च्या वसंतात खार्किवमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. जे मोजके वाचले, त्यांत चापस्की होते.

पुढच्या हिवाळ्यात, ग्र्याझोवेत्सच्या छावणीत, दिवसभर कडाक्याच्या थंडीत राबून थकलेले कैदी एका जुन्या मठाच्या भोजनगृहात जमायचे. ज्याला जे येतं ते त्याने इतरांना शिकवायचं. चापस्कींनी फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तवर फ्रेंच भाषेतच व्याख्यानं दिली. हाताशी एकही पुस्तक नाही, सगळं आठवणीतून! मला तर हे रणांगणावरच्या शौर्याइतकंच मोठं वाटतं.

1941 च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर पोलिश कैद्यांची सुटका सुरू झाली. (कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आलेली पोलिश कुटुंबंही याच सुटकेमुळे रशियाबाहेर पडू शकली.) सुटलेल्या कैद्यांमधून पोलिश सैन्य उभारणाऱ्या जनरल अँडर्स यांनी चापस्कींवर बेपत्ता अधिकाऱ्यांचा शोध सोपवला. ते मॉस्कोपर्यंत दारं ठोठावत फिरले, पण खरं उत्तर कुणीच दिलं नाही. 1943 मध्ये कातिनच्या जंगलात, अशाच मारलेल्या इतर पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी उघड झाल्या. बेपत्ता अधिकाऱ्यांच्या शोधाची ही हकिकत चापस्कींनी ‘इनह्यूमन लँड’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

सोव्हिएत सरकारने हत्याकांडाची कबुली 1990 मध्ये दिली, तेव्हा चापस्की चौऱ्याण्णव वर्षांचे होते. ‘इनह्यूमन लँड’ आणि प्रूस्तवरची ती व्याख्यानं, दोन्ही इंग्रजीत मिळतात. सुरुवात व्याख्यानांपासून करा.