कंबरेचं ऑपरेशन करायचं की थांबायचं? एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की आधी हे वाचा

दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागात एकच गडबड सुरू होते. मुकादमाचे फोन येतात, टोळ्या ठरतात, उचल तर आधीच घेतलेली असते. दिवाळी झाली की कारखान्याची वाट धरायची. आणि नेमकी त्याच वेळी घरातल्या कर्त्या माणसाची कंबर धरते. आधी वाटतं, चमक भरली असेल. मग कळ मांडीतून पोटरीत आणि पोटरीतून पार अंगठ्यापर्यंत उतरते. तालुक्याला दाखवलं, एमआरआय काढला. डॉक्टरांनी सांगितलं, ‘एल-४ एल-५ ची गादी सरकली आहे, नस दबली आहे, ऑपरेशन करावं लागेल.’ शेजारी म्हणतात, मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस कायमचा अधू होतो. पाहुणे म्हणतात, अमक्या गावात कंबर बसवून देतात, तिथं चला.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण बसला की जोडी मोडते, पण उचल अंगावर राहतेच. म्हणून घाई होते, आणि घाईत निर्णय चुकतो. कुणी गरज नसताना ऑपरेशन करून घेतं, तर कुणी गरज असताना झाडपाला लावत बसतं. खरं तर हा निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: दुखतं नेमकं कुठं, पायात ताकद किती, आणि दुखणं किती आठवड्यांचं आहे. एमआरआयचा नंबर त्यानंतर लागतो.

गादी सरकते म्हणजे काय होतं?

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिचं बाहेरचं आवरण चिवट असतं आणि आत मऊ गर असतो. वयानं, वाकून काम केल्यानं, ओझ्यानं आवरणाला चीर जाते आणि आतला गर बाहेर येतो. गादी जागेवरून घसरत नाही, तिचा फुगवटा बाहेर येतो. तो फुगवटा पायाकडं जाणाऱ्या नसेला टेकला की कळ पायात उतरते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो.

लोकांना बहुतेक वेळा न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की बाहेर आलेला हा गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. नसेची सूजही उतरते. त्यामुळं पायात उतरणारी कळ बहुतेक लोकांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच कमी होते, तीही ऑपरेशनशिवाय.

रिपोर्ट बघून घाबरू नका

ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय वा सीटी स्कॅन तपासणारे अनेक अभ्यास २०१५ साली एकत्र मांडले गेले. त्यात दिसलं की पन्नाशीतल्या दुखणं नसलेल्या लोकांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि सुमारे ६० टक्के लोकांच्या गादीला फुगवटा होता. विशीतल्या तरुणांतही सुमारे ३० टक्क्यांना फुगवटा होता. केस पिकतात तशा गाद्याही झिजतात.

म्हणून ‘गादी झिजली’, ‘गॅप कमी झाला’ एवढ्यावर ऑपरेशन ठरत नाही. रिपोर्टमध्ये ज्या बाजूची, ज्या नसेची अडचण दिसते, त्याच बाजूला आणि त्याच वाटेनं तुमचं दुखणं जात असेल, तर त्या रिपोर्टला अर्थ आहे. ऑपरेशन माणसाचं करायचं असतं, फिल्मचं नाही.

कंबर दुखते की पाय दुखतो?

हा प्रश्न स्वतःला नीट विचारा.

कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, कळ गुडघ्याच्या खाली जाते, खोकला-शिंक आली की पायात करंट बसतो, अशी लक्षणं असतील तर नस दबलेली असण्याची शक्यता मोठी. अशा दुखण्यात वेळ पडली तर ऑपरेशनचा चांगला उपयोग होतो.

फक्त कंबर दुखते, पायात काही नाही, तर गोष्ट वेगळी. स्नायू, सांधे, कामाची पद्धत, झोप, ताण या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. अशा साध्या कंबरदुखीसाठी स्क्रू टाकून मणके जोडण्याचं ऑपरेशन फार क्वचित लागतं. कुणी लगेच स्क्रू सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

तिसरा प्रकार घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा. थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, जड पडतात. बांधावर बसलं किंवा पुढं वाकलं की बरं वाटतं. सायकलवर दोन किलोमीटर जातात, पण पायी शे-दोनशे पावलं चालवत नाही. इथं नसा जाणारी पोकळीच अरुंद झालेली असते. व्यायाम-औषधांनी भागलं नाही आणि चालणंच बंद पडत चाललं, तर जागा मोकळी करण्याचं ऑपरेशन उपयोगी पडतं.

ही लक्षणं असतील तर एक दिवसही थांबू नका

- लघवी अडकली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला
- जांघेत, गुदद्वाराजवळ, म्हणजे खोगिरावर बसतो त्या जागी बधिरपणा आला
- दोन्ही पायांतली ताकद जायला लागली
- पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही
- झाडावरून, ट्रॅक्टरवरून, गाडीवरून पडल्यानंतर कंबर दुखू लागली
- कंबरदुखीसोबत ताप, वजन घटणं, रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं, किंवा आधी कॅन्सर झालेला असणं

पहिली तीन लक्षणं असतील तर १०८ ला फोन करा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. इथं पहिल्या एक-दोन दिवसांत ऑपरेशन झालं तर नस वाचण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला तर लघवीचा त्रास जन्मभर राहू शकतो. अशा वेळी ‘आधी वैदूला दाखवू’ म्हणणं महागात पडतं.

ताप आणि वजन घटण्याकडंही काणाडोळा नको. मणक्याचा टीबी आपल्याकडं आजही आढळतो. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि मणक्याचा टीबी बऱ्याच जणांचा पूर्ण कोर्स घेऊन औषधांनीच बरा होतो.

घरच्या घरी एक तपासणी करा. भिंतीचा आधार जवळ ठेवून टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा पावलं चाला. एका पायावर ते जमत नसेल तर ताकद कमी झाली आहे. हे डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

बाकीच्यांनी सहा ते बारा आठवडे काय करायचं?

अंथरुण धरू नका. कळ फार असेल तर एक-दोन दिवस आराम ठीक आहे. त्यापुढं पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं. सोसवेल तेवढं चाला, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. चालताना थोडं दुखलं म्हणजे मणका मोडतो असं नाही.

व्यायाम शिकून घ्या. मोबाईलवरचा व्हिडिओ बघून करू नका. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभागात एकदा-दोनदा जाऊन तुमच्या दुखण्याला चालणारे व्यायाम शिका, मग घरी रोज करा. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांवर भर आहे. कंबरेचा पट्टा, वजन लावून कंबर ओढणं आणि अफूच्या जातीच्या तीव्र वेदनाशामक गोळ्या नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असंही त्यात म्हटलं आहे.

गोळ्या जपून घ्या. मेडिकलमधून मागून आणलेल्या डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक अशा गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठीक आहेत. पण महिनोन्महिने घेतल्या तर पोटात अल्सर होतो, किडनीवर परिणाम होतो. उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत या गोळ्या घेणं किडनीसाठी आणखी वाईट. बीपी, शुगर, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. ‘एका पुडीत आराम’ देणाऱ्या औषधांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. तेव्हा बरं वाटतं, पुढं हाडं ठिसूळ होतात.

कंबर बसवणाऱ्याकडं जाताना विचार करा. हलक्या हातानं तेल लावून चोळलं, शेकलं तर बरं वाटतं, त्यात वावगं नाही. पण पायात बधिरपणा किंवा ताकद कमी असताना कुणालाही कंबर झटका देऊन मोडू देऊ नका.

ओझं कमी करा. सोळा लिटरचा फवारणी पंप असला तरी दहा लिटरच भरा. मोळी लहान बांधा. खाली ठेवलेली वस्तू उचलताना गुडघे वाकवा, ओझं अंगाजवळ धरा, आणि ओझं घेऊन कंबरेतून वळू नका, पाय फिरवून वळा. खुरपताना अर्ध्या-पाऊण तासानं उभं राहून थोडं चाला. तंबाखू, विडी, मिश्री सोडा, कारण धूम्रपानानं गाद्या लवकर झिजतात आणि ऑपरेशननंतर हाड जुळायलाही अडचण येते.

ऑपरेशननं फायदा किती?

नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सहा ते बारा आठवड्यांपासून पायात तीव्र कळ होती. निम्म्यांना लवकर ऑपरेशनच्या गटात घेतलं, निम्म्यांना थांबवून उपचार दिले. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झालेले होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना दुखणं सोसवेना म्हणून मध्येच ऑपरेशन करावं लागलं.

याचा अर्थ सरळ आहे. धोक्याचं लक्षण नसेल तर थांबल्यानं सहसा नुकसान होत नाही. आणि थांबूनही कळ जात नसेल, झोप-काम बंद पडलं असेल, तर ऑपरेशन केल्यानं आराम लवकर मिळतो. ‘अधू होतो’ ही भीती सरसकट खरी नाही. गादीचा बाहेर आलेला तुकडा काढण्याच्या ऑपरेशननंतर बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतात. तरी जंतुसंसर्ग, नसेला इजा, पुन्हा गादी बाहेर येणं हे धोके असतात. शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांची गादी त्याच जागी पुन्हा त्रास देते. पायातली कळ लवकर जाते, कंबरेचं दुखणं मात्र थोडंफार राहू शकतं.

‘हो’ म्हणण्याआधी डॉक्टरांना हे विचारा

- माझं ऑपरेशन पायाच्या दुखण्यासाठी आहे की कंबरेच्या?
- सहा आठवडे थांबलो तर माझ्या बाबतीत काय नुकसान होईल?
- फक्त गादीचा तुकडा काढणार की स्क्रूही टाकणार? स्क्रू कशासाठी?
- मी ओझ्याचं काम परत कधी करू शकेन?
- एकूण खर्च किती, आणि योजनेत बसतं का?

हे विचारल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगले डॉक्टर उत्तरं देतात. उत्तर पटलं नाही तर रिपोर्ट आणि फिल्म घेऊन अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय इथं दुसरं मत घ्या. रिपोर्ट तुमचा आहे, तो मागून घ्या.

आपल्या जिल्ह्यानं घाईच्या ऑपरेशनांचा अनुभव घेतलेला आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. कमी वयात गर्भपिशवीसोबत बीजकोषही काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि कंबर दुखते. अशा बायांनी कंबरदुखीसाठी दाखवताना ते ऑपरेशन झाल्याचं डॉक्टरांना जरूर सांगावं.

कर्ज काढण्याआधी योजना बघा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड, आधार कार्ड आणि रिपोर्ट घेऊन ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधीच त्यांना भेटा. तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का आणि कोणत्या रुग्णालयात, हे ते सांगतील. योजनेत मंजुरी मिळाली आणि तरी कुणी पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार करा.

सीझनचं काय?

ऑपरेशन आश्विनात आणि कोयता कार्तिकात, असं होत नाही. गादीच्या ऑपरेशननंतर हलकी कामं चार-सहा आठवड्यांनी आणि मोळी उचलण्यासारखं जड काम साधारण तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. स्क्रू टाकले असतील तर आणखी जास्त. ऑपरेशन न करता थांबलात तरी कळ असताना मोळी उचलता येणार नाही. म्हणजे दोन्ही वाटांनी यंदाचा निदान अर्धा सीझन जातो.

म्हणून मुकादमाशी आजच बोला. जोडीत दुसरं कुणी जाऊ शकतं का, उचल पुढच्या वर्षी फेडता येते का, हे फडात कोसळण्याआधी विचारलेलं बरं. उचल फिटायला एक-दोन सीझन जास्त लागतील, पण पायातली गेलेली ताकद प्रत्येक वेळी परत येतेच असं नाही.